बायकोसाठी पातळ आणि भरवशाचं पिस्तूल: काय बघून ठरवायचं?

उत्तरायण

बायकोकडे अंगावर पिस्तूल बाळगायचा परवाना आहे आणि तिचं प्राथमिक प्रशिक्षणही झालं आहे. आता तिचं स्वतःचं पिस्तूल घ्यायचं आहे. ९ मिमी (९×१९) हवं, जाडी इंचाच्या आसपास हवी, कपड्यांखाली दिसू नये आणि चाप ओढला की दर वेळी चाललं पाहिजे. तिचा हात लहान आहे: मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. उजव्या हाताने काम करते. प्रशिक्षणातल्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलाचा झटका तिला जड गेला नाही, पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) ओढताना हात दोन-तीनदा घसरला.

आत्ताची यादी अशी: सिग सॉअर पी३६५, ग्लॉक ४३एक्स, स्मिथ अँड वेसन शिल्ड प्लस, स्प्रिंगफील्ड हेलकॅट. एका दुकानात रुगर एलसीपी मॅक्स सुचवलं, कारण खिशात मावतं. दुसरीकडे सांगितलं की बाईमाणसाला रिव्हॉल्व्हरच बरं. तिला न सांगता भेट म्हणून द्यायचा विचार होता. यातलं सगळ्यात भरवशाचं कोणतं? आणि घेतल्यावर ते भरवशाचं आहे याची खात्री कशी करायची?

स्थिरहात

आधी ती भेटीची कल्पना सोडून द्या. पिस्तूल चपलेसारखं असतं, ज्याच्या मापाचं त्यानेच घालून बघायचं. तुमच्या हाताला जे छान बसेल ते त्यांच्या हातात दोन बोटं वाकडं बसू शकतं. वहिनींना दुकानात न्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर न्या. हातात धरून आवडलेलं आणि गोळ्या झाडून आवडलेलं पिस्तूल बऱ्याचदा वेगळं निघतं.

माप कसं बघायचं ते सांगतो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा: मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली, चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण मुठीच्या मागच्या वरच्या टोकाला घट्ट टेकवायची. त्या स्थितीत नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवा. आता चाप ओढायचं बोट चापावर ठेवायचं. बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर सहज आली पाहिजे. नुसतं टोकच पोचत असेल तर मूठ त्या हाताला मोठी आहे. असा हात पोचण्यासाठी पिस्तूल मुठीत बाजूला फिरवून घेतो, मग झटका तळहाताच्या जाड भागाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि गोळ्याही एका बाजूला जायला लागतात. उलट बोट पहिल्या सांध्याच्या पलीकडे जात असेल तर मूठ बारीक पडते आहे. साडेसोळा सेंटिमीटरच्या हाताला दुहेरी रांगेच्या (मॅगझिनमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा मावणाऱ्या) जाड मुठीपेक्षा तुमच्या यादीतली चारही पिस्तुलं बरी बसतील, पण चौघांची मूठ सारखी नाही. शिल्ड प्लसची मूठ मागून गोलसर आहे. ४३एक्सची लांब आणि चपटी आहे, करंगळीला पूर्ण जागा मिळते. पी३६५ ची मूठ मुळात आखूड, सपाट तळाचं १० गोळ्यांचं मॅगझिन लावलं की बहुतेकांची करंगळी खाली लोंबकळते. हेलकॅटच्या मुठीचा पृष्ठ खरखरीत आहे. ते पकडीला उत्तम, पण उघड्या त्वचेला दिवसभर घासतं.

करंगळीकडे दुर्लक्ष करू नका. पकडीतला बराच जोर खालच्या दोन बोटांतून येतो. मूठ अर्धा इंच लांब असली की झटका आवरायला केवढा फरक पडतो हे एकदा झाडून बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून पी३६५ घेणार असाल तर १२ गोळ्यांचं लांब तळाचं मॅगझिन लावून बघा, किंवा सरळ ३.७ इंच नळीचं आणि मोठ्या मुठीचं पी३६५ एक्सएल बघा.

आकडे साधारण असे. पी३६५ ची नळी ३.१ इंच, रिकाम्या मॅगझिनसह वजन ५०० ग्रॅमच्या थोडं वर, १०+१ गोळ्या (मॅगझिनमध्ये १०, चेंबरमध्ये १). ४३एक्सची नळी ३.४ इंच, सुमारे ५३० ग्रॅम, १०+१. शिल्ड प्लसची नळी ३.१ इंच, सुमारे ५७० ग्रॅम, मॅगझिन १० आणि १३ चं. हेलकॅटची नळी ३ इंच, ५०० ते ५२० ग्रॅमच्या दरम्यान, मॅगझिन ११ आणि १३ चं. जाडी चौघांची एक ते १.१ इंच. तुलनेला ग्लॉक १९ घ्या: तेच ९ मिमी, पण जाडी ३४ मिमी. कागदावर सहा ते आठ मिलिमीटरचा फरक, कमरेला लावल्यावर मात्र तो पहिल्याच तासात कळतो.

चौघांपैकी "सगळ्यात भरवशाचं" म्हणून मी एकाचं नाव घेणार नाही. सगळीच आता स्थिरावलेली मॉडेल आहेत. पी३६५ २०१८ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या तुकड्यांत स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आपटून गोळी सोडणारी सुई) तुटल्याच्या तक्रारी होत्या, पुढे सुटा भाग बदलला गेला. त्यावरून एवढंच शिकायचं की नवं मॉडेल बाजारात आल्याआल्या पहिल्या वर्षात घेऊ नये, आणि जुनं वापरलेलं घेताना ते कोणत्या काळातलं आहे ते बघावं. स्मिथ अँड वेसनच्याच शिल्ड ईझेड या दुसऱ्या पिस्तुलाच्या ९ मिमी आवृत्तीतही मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेली पिस्तुलं हॅमर (आतली हातोडी) तपासून बदलून देण्यासाठी कंपनीने परत मागवली होती. वापरलेलं घेत असाल तर अनुक्रमांक कंपनीकडे पडताळून घ्या.

शांतसंध्या

स्लाइडबद्दल मी लिहिते, कारण बायकांना इथेच सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो. "तुम्हाला जमणार नाही, रिव्हॉल्व्हर घ्या" म्हणून मोकळे होतात. दहापैकी आठ वेळा कमी पडते ती पद्धत. हातात जोर असतो.

चिमटीत धरून, हात लांब करून स्लाइड ओढली तर ती कुणालाही जड जाते. तिथे बोटांची ताकद आणि खांद्याचा लांबलेला स्नायू एवढंच काम करतं. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ आणायचं, कोपर बरगड्यांना टेकवायचे, नळी सुरक्षित दिशेला म्हणजे समोर निशाण्याकडेच राहील हे बघायचं. हात जवळ घेताना नळी डावीकडे वळते आणि शेजारी उभ्या माणसावर जाते, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती टाळायला आपण स्वतः थोडं उजवीकडे वळून उभं राहायचं. मग डाव्या हाताचा पूर्ण तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवायचा, चार बोटं एका बाजूला, तळव्याची गादी दुसऱ्या बाजूला. काडतूस बाहेर पडायची खिडकी झाकायची नाही. आता स्लाइड ओढायची नाही, ती जागच्या जागी घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ जोरात पुढे ढकलायची. छाती, खांदा, पाठ सगळं कामाला लागतं. स्लाइड शेवटपर्यंत मागे गेली की डावा हात एकदम सोडून द्यायचा. हलकेच पुढे नेऊन सोडायची नाही. हाताबरोबर पुढे नेली की स्प्रिंगचा जोर मारला जातो, काडतूस अर्धवट आत जातं आणि "पिस्तूल अडकतं" अशी तक्रार सुरू होते.

स्लाइड मागे अडकवून ठेवताना आणखी एक अडचण येते: ती मागे धरून त्याच वेळी अंगठ्याने स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारा खटका) वर ढकलायचा असतो आणि लहान हाताचा अंगठा तिथे पोचत नाही. रिकामं मॅगझिन आत घालून स्लाइड मागे घेतली की मॅगझिनमधला फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारा तुकडा, स्टॉप आपोआप वर ढकलतो. सराव करताना ही सोय वापरा.

हे सगळं शिकूनही सांधेदुखी किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे जड जात असेल तर मुद्दाम हलक्या स्लाइडची पिस्तुलं आहेत. शिल्ड ईझेड ३८० एसीपी (९ मिमीपेक्षा आखूड काडतूस) आणि ९ मिमी दोन्हीत मिळतं. त्यात स्ट्रायकरऐवजी आतला हॅमर आहे, त्यामुळे रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) हलकी ठेवता आली. मॅगझिनला बाजूला बटण आहे, ते खाली ओढून गोळ्या भरता येतात. त्याला मुठीची सेफ्टी आहे, म्हणजे पकड अर्धवट राहिली तर पिस्तूल झडत नाही. ती गोष्ट सरावात हातात बसवून घ्यावी लागते. ९ मिमीचं वजन साधारण ६६० ग्रॅम आहे, यादीतल्या बाकीच्यांपेक्षा जड. वॉल्थरचं पीडीपी एफ मालिकेतलं पिस्तूलही लहान हात आणि हलकी स्लाइड डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, पण ते दुहेरी रांगेचं, तुमच्या इंचाच्या अटीत बसणार नाही.

रिव्हॉल्व्हरबद्दल स्पष्टच लिहिते. साधारण ४०० ग्रॅमचं, पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशलचं छोटं रिव्हॉल्व्हर चालवायला सोपं दिसतं, आणि नेम धरून मारायला सगळ्यात अवघड असतं. डबल अ‍ॅक्शनचा, म्हणजे हॅमर मागे नेऊन सोडायचं काम स्वतःच करणारा चाप पाच-साडेपाच किलोच्या आसपास ओढावा लागतो. तुमच्या यादीतल्या पिस्तुलांचा चाप साधारण अडीच किलोचा. लांब, जड चाप आखूड बोटाने ओढताना नळी हलते. वर वजन कमी, त्यामुळे झटका तळहातात जोरात बसतो. दहा गोळ्यांनंतर सराव नकोसा होतो. स्लाइड खरोखरच ओढता येत नसेल तरच त्याचा विचार करा.

आणि गोळ्या भरायला मॅगलोडर घ्या. नव्या मॅगझिनची शेवटची दोन काडतुसं अंगठ्याचं नख उलटवतात.

उत्तरायण

स्लाइडचा मुद्दा अगदी नेमका. ती चिमटीतच धरत होती. उद्यापासून भेट बाजूला, दोघं मिळून जातो.

एलसीपी मॅक्सबद्दल कुणी लिहील का? ते खरंच ३०० ग्रॅमच आहे. तिला धरायला हलकं वाटलं म्हणून ती त्याकडे झुकते आहे.

स्प्रिंगवाला

हलकं धरायला आणि हलकं झाडायला, या दोन उलट गोष्टी आहेत. गोळीचा धक्का तेवढाच असतो. पिस्तूल जितकं हलकं तितका तो हाताला जास्त वेगाने येतो. एलसीपी मॅक्स ३८० एसीपीचं आहे. ते काडतूस ९ मिमीपेक्षा आखूड, ९×१७, ऊर्जा लहान नळीतून साधारण निम्म्याच्या आसपास. तरीही ३०० ग्रॅमच्या पिस्तुलातून ते शिल्ड प्लसमधल्या ९ मिमीपेक्षा बोचरं वाटणारे लोक खूप आहेत. अशी पिस्तुलं ज्याला नेम पक्का बसलाय त्याच्या दुसऱ्या पिस्तुलासाठी ठीक. पहिलं आणि एकमेव पिस्तूल म्हणून नको.

३८० घ्यायचंच झालं तर पी३६५ चं ३८० रूप किंवा शिल्ड ईझेड ३८० बघा. या दोन्हींत नळी आणि स्लाइड काही अंतर एकमेकांत अडकून मागे जातात, त्यामुळे स्प्रिंग हलकी चालते. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीत नळी पक्की असते, स्लाइडचं वजन आणि कडक स्प्रिंग एवढ्यावरच काडतूस रोखलं जातं. म्हणून एकच ३८० गोळी असूनही पीपीकेची स्लाइड जड आणि झटका धारदार असतो. नावावर जाऊ नका, आतली रचना विचारा.

काडतुसाचा तोटाही सांगतो. स्वसंरक्षणाच्या पोकळ टोकाच्या (लागल्यावर फुलणाऱ्या) गोळीने मांसासारख्या घट्ट जेलच्या चाचणीत १२ ते १८ इंच शिरावं अशी एफबीआयची कसोटी आहे. आखूड नळीच्या ३८० मध्ये गोळी फुलली तर पुरेशी शिरत नाही, शिरली तर बऱ्याचदा फुलत नाही. ९ मिमीमध्ये दोन्ही साधणाऱ्या गोळ्या बऱ्याच आहेत, १२४ आणि १४७ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). आखूड नळीसाठी मुद्दाम बनवलेलीही मिळतात. प्लस पी म्हणजे जास्त दाबाची काडतुसं लहान पिस्तुलात सरसकट वापरू नका. झटका वाढतो, भाग लवकर झिजतात. पुस्तिकेत परवानगी आहे का ते आधी बघा.

आता मूळ प्रश्नातला दुसरा भाग, खात्री कशी करायची. माझ्या मते हाच भाग जास्त महत्त्वाचा. कंपनीची कीर्ती ही हजारो पिस्तुलांची सरासरी असते, वहिनींच्या हातातलं पिस्तूल मात्र एकच असणार.

नवं पिस्तूल आणलं की आधी उघडून पुसा. कारखान्यातून आलेलं जाड तेल गंज टाळण्यासाठी असतं, ते वंगण नव्हे. स्लाइडच्या खाचांवर, नळीच्या बाहेरच्या पुढच्या भागावर आणि नळी जिथे स्लाइडला वर टेकते तिथे तेलाचा एकेक थेंब. स्ट्रायकरच्या पोकळीत तेल अजिबात नको. तिथे तेल आणि कचरा यांचा चिकट थर बसतो, स्ट्रायकर हळू पडतो आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीवर) उथळ खूण उमटून गोळी सुटत नाही.

मॅगझिन कमीत कमी तीन घ्या, त्यांच्या तळाला रंगाने १, २, ३ लिहा. अडथळा आला की कोणत्या मॅगझिनवर आला ते वहीत लिहायचं. तिन्हींवर विखुरलेले अडथळे पिस्तूल, गोळी किंवा पकडीकडे बोट दाखवतात. सगळे २ नंबरवरच आले तर मॅगझिन बाजूला काढा, पिस्तुलाला दोष देऊ नका. हे न लिहिता लोक स्प्रिंगा बदलत बसतात.

साध्या पूर्ण धातुवेष्टित गोळ्या, ११५ किंवा १२४ ग्रेन, दोनशे. पहिल्या पन्नासात एखादा अडथळा माफ, भाग एकमेकांना बसत असतात. उरलेल्या दीडशेत एकही नको. त्यानंतर रोज बाळगायची जी पोकळ टोकाची गोळी ठरवाल ती किमान पन्नास, शक्य तर शंभर, तिन्ही मॅगझिनमधून. ही पायरी गोळ्या महाग म्हणून लोक गाळतात. पोकळ टोकाचा आकार वेगळा असतो, चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर तो अडू शकतो, म्हणून साध्या गोळ्यांवर पास झालेलं पिस्तूल इथे नापास होऊ शकतं. एखादं पिस्तूल एका जातीची गोळी खात नसेल तर दुसरी जात घ्या, त्यावरून भांडण नको.

आणि चाचणी वहिनींनीच करायची. तुम्ही नाही. कारण खाली लिहितो.

स्लाइड मागे जाते ती मुठीच्या तुलनेत. मनगट ढिलं असेल तर स्लाइडबरोबर मूठही मागे-वर जाते, दोघांतलं अंतर कमी पडतं. मग रिकामं कवच पूर्ण बाहेर न फेकता स्लाइडमध्ये उभं अडकतं, किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही. जड पिस्तुलात मुठीचं स्वतःचं वजन थोडं भरून काढतं. पाचशे ग्रॅमच्या पिस्तुलात ती माफी नाही. तुमच्या हातात निर्दोष चालणारं पिस्तूल त्यांच्या हातात म्हणूनच अडकू शकतं. त्यांचं मनगट घट्ट, कोपर जवळजवळ सरळ, दोन्ही हातांची पकड, डाव्या हाताचा जोर उजव्यापेक्षा जास्त. एवढं केल्यावर अडकणं थांबलं तर पिस्तूल ठीक आहे. तरीही दर पन्नासात एकदा अडकतच असेल तर ते त्या हातासाठी भरवशाचं नाही, मग भले मासिकात त्याला दहापैकी दहा असोत.

लहान पिस्तुलाचा आणखी एक खास घोळ: शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. दहात नऊदा उजव्या हाताचा अंगठा स्लाइड स्टॉपवर दाबून बसलेला असतो. उलट, गोळ्या शिल्लक असताना स्लाइड अडकते तेव्हा डाव्या हाताचा अंगठा त्याला खालून वर ढकलत असतो. पिस्तूल दुरुस्तीला पाठवण्याआधी फोन ठेवून हातांचा व्हिडिओ काढा, लगेच दिसतं.

मोजून_मापून

स्प्रिंगवाला यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. "३८० पहिलं पिस्तूल म्हणून नको" हे फार सरसकट झालं. सांध्यांचा त्रास असलेल्या किंवा वय झालेल्या माणसाने ३८० चं ईझेड महिन्याला शंभर गोळ्या झाडून वापरणं हे ९ मिमी घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा कैक पटींनी चांगलं. जेलमधले इंच महत्त्वाचे आहेत, पण गोळी आधी जिथे हवी तिथे लागायला हवी. निवडायची सोपी कसोटी: सात मीटरवर, ए४ कागद अर्धा घडी घातल्यावर होतो तेवढ्या आकारावर, पाच गोळ्या पाच सेकंदांत. प्रत्येक उमेदवार पिस्तुलाने तीन वेळा. ज्याने सगळ्यात जास्त लागतील आणि हात सगळ्यात कमी दुखेल ते घ्या. पहिल्या वेळेपेक्षा तिसऱ्या वेळी गोळ्या पसरत असतील तर झटका खातोय, ते पिस्तूल यादीतून बाद.

स्प्रिंगवाला

मान्य. मी ३०० ग्रॅमवाल्याबद्दल म्हणत होतो, ३८० काडतुसाबद्दल नव्हे. तसं नीट लिहायला हवं होतं.

शांतसंध्या

होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायच्या म्यानाचा विषय कुणी काढला नाही म्हणून. पातळ पिस्तूल घेऊन चुकीचं होल्स्टर घेतलं तर सगळं फुकट, आणि धोक्याचंही.

होल्स्टर कडक प्लॅस्टिकचं, त्याच मॉडेलच्या साच्यातलं घ्या. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे, बाहेरून बोटाने किंवा नखाने चापाला पोचता येता कामा नये. "सगळ्यांना बसतं" अशी मऊ कापडी होल्स्टरं पिस्तूल काढलं की चपटी होतात, परत ठेवताना कापडाची घडी किंवा ड्रेसची दोरी चापात शिरते. यादीतल्या चारही पिस्तुलांचा चाप हलका आहे, काहींना अंगठ्याची सेफ्टी (अंगठ्याने लावायचा-काढायचा सुरक्षेचा खटका) नाही. म्हणून परत ठेवताना घाई नाही, कपडा वर धरायचा, खाली बघायचं, हळू ठेवायचं. बाहेर काढायला वेळ कमी असू शकतो, आत ठेवायला कधीच घाई नसते.

पुरुषांना सांगितलेली जागा, उजव्या नितंबामागे घड्याळातल्या चारच्या दिशेला (बेंबी म्हणजे बारा), बायकांना बहुतेक वेळा बसत नाही. कमर आत आणि नितंब बाहेर असल्यामुळे मुठीचं टोक बरगडीत घुसतं किंवा कपड्यातून बाहेर आलेलं दिसतं. पुढे, एक-दीडच्या दिशेला, बऱ्याच जणींना जास्त चांगलं लपतं. बसल्यावर नळीचं टोक मांडीच्या सांध्यात टोचत असेल तर आखूड नळीचं पिस्तूल घेण्याऐवजी होल्स्टर थोडं वर-खाली सरकवून बघा. चकित करणारी गोष्ट म्हणजे थोडं लांब होल्स्टर पोटाशी जास्त स्थिर राहतं, आखूड होल्स्टरची वरची बाजू पुढे कलंडते आणि मूठ कपड्यातून दिसते. होल्स्टरला पंख्यासारखा उठलेला भाग आणि मागे छोटी उशी असली की मूठ अंगाकडे वळते.

पट्टा मऊ असेल तर ५०० ग्रॅमही खाली ओढतं. पट्ट्याची पँट घालत नसाल तर कपड्यांखाली बांधायचा स्वतंत्र पट्टा मिळतो, त्यावर तेच कडक होल्स्टर लावता येतं.

पर्स हा शेवटचा पर्याय. पर्स खुर्चीला अडकवून विसरली जाते, मुलं त्यात खाऊ शोधतात, आणि हिसकावायला पहिल्यांदा हात पर्सलाच जातो. तरी घेतलीच तर पिस्तुलासाठी वेगळा कप्पा, त्यात दुसरं काही नाही, आत चाप झाकणारं होल्स्टर, आणि पर्स सतत अंगावर. चाव्या, लिपस्टिक, पेन यांच्यासोबत मोकळं पिस्तूल कधीच नाही.

उत्तरायण

सगळ्यांचे आभार. दोघं जाऊन आलो. तिने ४३एक्स, शिल्ड प्लस आणि पी३६५ एक्सएल तिन्ही झाडून बघितली. मोजून मापून यांच्या कसोटीत शिल्ड प्लसने सगळ्यात जास्त लागल्या, १३ च्या मॅगझिनने करंगळी पूर्ण बसते. स्लाइड ढकलायची पद्धत वापरल्यावर तिन्ही ओढता आली. दोन शेवटचे प्रश्न: अंगठ्याच्या सेफ्टीचं घ्यावं का बिनसेफ्टीचं? आणि रात्री घरी पिस्तूल रिकामं करून सकाळी पुन्हा भरलं तर काही बिघडतं का? घरी सहा वर्षांची मुलगी आहे.

स्थिरहात

सेफ्टीचं ठरवणं वहिनींवर सोडा, फक्त एक नियम: घेतली तर प्रत्येक सरावात, अगदी कोरड्या (गोळीविना, रिकाम्या पिस्तुलाच्या) सरावातही, पिस्तूल बाहेर काढताना दर वेळी अंगठ्याने खाली करायची. अर्ध्या वेळा लावायची, अर्ध्या वेळा नाही, असं केलं तर नको त्या वेळी विसरते. आणि आधी प्रशिक्षणातल्या पिस्तुलाला सेफ्टी नसेल तर ती सवय नव्याने लावायला काही शे वेळा काढावं लागेल.

रोज रिकामं करण्यात एक खरी अडचण आहे. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं की उतारावर आपटून गोळी कवचात थोडी थोडी आत बसते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. रोज तेच काडतूस वर ठेवू नका. आठवड्यातून एकदा चेंबरमधून काढलेलं काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं ठेवून बघा, सपाट जागेवर. डोळ्यांना आखूड दिसलं, तर ते झाडायचं नाही, वेगळं ठेवून रेंजवर जमा करायचं. त्याहून चांगलं म्हणजे पिस्तूल भरलेलंच होल्स्टरसकट लगेच उघडणाऱ्या तिजोरीत ठेवायचं. हाताळणं जितकं कमी तितक्या चुका कमी.

मुलगी घरात आहे म्हणून: तिजोरी भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने पक्की. उशीखाली, कपाटावर, कपड्यांच्या घडीत हे लपवणं आहे, कुलूप नव्हे, आणि सहा वर्षांच्या मुलीला घरातल्या सगळ्या लपवायच्या जागा माहीत असतात. आकड्यांच्या बटणांची तिजोरी घ्या, बोटाच्या ठशाची ओल्या हाताला दगा देते. बॅटरी ठरलेल्या तारखेला बदला, आणि जादा किल्ली घराबाहेर विश्वासाच्या जागी.

स्प्रिंगवाला

दोन गोष्टी जोडतो. रेंजवर दोघांनी कानांना प्लग आणि वरून मफ दोन्ही वापरा, आखूड नळीचा आवाज जास्त बोचतो आणि दचकण्याची सवय आवाजानेच लागते. दचकतेय का ते बघायला मॅगझिनमध्ये मधेच एक खोटं काडतूस तुम्ही भरून द्या, कुठे आहे ते त्यांना सांगू नका. चाप ओढल्यावर गोळी न सुटता नळी खाली गेली तर दचक आहे. मग घरी कोरडा सराव, दिवसाला दहा मिनिटं, खोलीत एकही खरं काडतूस नसताना आणि नळीसमोर गोळी अडेल अशी भिंत असताना.

रिकॉइल स्प्रिंग लहान पिस्तुलात मोठ्यापेक्षा लवकर थकते, कारण कमी अंतरात तेवढंच काम करते. पुस्तिकेत किती गोळ्यांनी बदलायची ते दिलेलं असतं, वहीत गोळ्या मोजत जा आणि एक सुटी स्प्रिंग आत्ताच आणून ठेवा. आणि ती दोनशे-अधिक-शंभरची चाचणी झाल्याशिवाय वहिनींनी हे पिस्तूल बाळगायला सुरुवात करू नये. तोवर हवं तर रेंजवरचंच भाड्याचं शिल्ड प्लस घेऊन सराव चालू ठेवा, हात त्याच मुठीचा होत राहील.